हरवलेली चावी अर्जासोबत जोडावी

या जगात पूर्णपणे सुरक्षित अशा दोनच गोष्टी उरल्या आहेत, असे पडताळणी अधिकाऱ्यांचे पूर्ण विचारांती झालेले मत होते: एक त्यांची गाडी आणि दुसरी त्यांची स्मरणशक्ती. बुधवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरीने दगा दिला, आणि पहिली खरोखरच किती सुरक्षित आहे याचा अनुभव घेण्याची पाळी सर्वप्रथम त्यांच्यावरच आली.

गाडीची चावी सापडत नव्हती.

पडताळणी अधिकारी निवृत्तिवेतन कार्यालयात होते. समोर बसलेला माणूस तोच आहे, आणि जिवंत आहे, याची खात्री करून घेणे हे त्यांचे काम. चोवीस वर्षांत त्यांनी पहिल्या भेटीत एकाही माणसावर विश्वास ठेवला नव्हता. हरवलेल्या ओळखपत्राऐवजी नवे मिळवण्याचा अर्ज त्यांनी स्वतः तयार केला होता. तो अर्ज फक्त कार्यालयाच्या आत मिळे, आणि आत जायला ओळखपत्र लागे. त्यामुळे आजवर एकही बनावट अर्ज आला नव्हता. खराही आला नव्हता, पण ती नोंद ठेवण्यासाठी रकाना नव्हता.

गाडी घेतानाही त्यांनी रंग विचारला नाही, ॲव्हरेज विचारले नाही. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारला, "ही गाडी चोरायची असेल तर काय करावं लागेल?" विक्रेत्याने आधी दाराकडे पाहिले आणि मग म्हणाला, "साहेब, ही चोरता येतच नाही." त्यांनी तिथल्या तिथे सही केली. वर न फुटणाऱ्या काचा घेतल्या आणि स्वतःची वेगळी बॅटरी असलेला सायरन घेतला, कारण चोर मुख्य बॅटरी काढतात असे त्यांनी कुठेतरी वाचले होते.

तर चावी. खिसे पाहून झाले, धुवायला टाकलेल्या पँटचे खिसे पाहून झाले, सोफ्याच्या फटीतून तीन पेने, एक खोडरबर आणि कधीतरी न घेतलेली रक्तदाबाची गोळी निघाली.

"अहो, फ्रिजमध्ये बघा," बायको आतून म्हणाली. "मागच्या खेपेला चष्मा तिथेच होता."

"चष्म्याची गोष्ट वेगळी. चष्म्याला सुरक्षा नसते."

असे म्हणून त्यांनी फ्रिज उघडला, पण दार अगदी थोडे, म्हणजे तिला दिसणार नाही इतके. तिथेही चावी नव्हती.

एवढ्यात मुलगी बाहेर आली. ती वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला होती आणि गेले आठ आठवडे एका वाचनालयाची प्रतिकृती करत होती. पुठ्ठ्याची, पातळ लाकडाची, नखाएवढ्या एकशे बारा खुर्च्यांची. रविवारी ती पूर्ण झाली तेव्हा पडताळणी अधिकाऱ्यांनी घरातल्या धोक्यांचा आढावा घेतला होता: पंखा, मांजर, आणि झाडू हातात असलेली बायको. मग त्यांनी स्वतःच्या हातांनी वाचनालय उचलून गाडीच्या डिकीत ठेवले आणि जाहीर केले, की या शहरात इतकी सुरक्षित दुसरी जागा नाही.

"बाबा," मुलगी म्हणाली, "शुक्रवारी पाचच्या आत जमा करायचंय. पाच वाजून एक मिनिटाने घेत नाहीत. वर्ष जातं."

"नियम योग्य आहे," पडताळणी अधिकारी सवयीने म्हणाले. मग त्यांनी मुलीचा चेहरा पाहिला आणि पुन्हा सोफ्याच्या फटीत हात घातला.

दुसरी चावी नव्हती असे नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेत चौदाव्या पानावर लिहिले होते, की दोन्ही चाव्या एका ठिकाणी ठेवू नयेत. त्याबरहुकूम त्यांनी दुसरी चावी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली होती. लॉकरची चावी मात्र सतत नजरेसमोर असावी, म्हणून ती त्यांनी पहिल्या चावीच्या कड्यात अडकवली होती. बँकेने फोनवर सांगितले, की ग्राहकाकडून चावी हरवल्यास लॉकर फोडता येतो; त्यासाठी अर्जाच्या तारखेपासून पंधरा दिवस, दोन साक्षीदार आणि एक लोहार लागतो.

"लॉकरची चावी गाडीच्या कड्यात," बायको म्हणाली. "हे तुम्हाला सुचलं?"

"व्यवस्था उत्तम होती," ते म्हणाले. "फक्त कडं हरवलं."

सर्व्हिस सेंटरमध्ये चाव्यांसाठी वेगळा काउंटर होता आणि काउंटरच्या मागे एक बाई होत्या. त्यांच्या गळ्यातल्या पट्टीवर 'चावी सल्लागार' असे लिहिले होते.

"चावी हरवली," पडताळणी अधिकारी म्हणाले. "दुसरी करून द्या. शुक्रवारच्या आत."

"साहेब, तुम्ही तिला चावी म्हणताय," बाई शांतपणे म्हणाल्या. "ती चावी नाहीच. ती ओळख आहे. धातूची पट्टी असते ती नुसती सवयीपुरती. आत चिप असते. तुम्ही गाडीत बसलात की गाडी चिपला एक प्रश्न विचारते. उत्तर बरोबर आलं तरच इंजिनाला परवानगी मिळते. याला इमोबिलायझर म्हणतात. आणि प्रश्न दर वेळी नवा."

"दर वेळी?"

"दर वेळी. कालचं उत्तर आज चालत नाही."

पडताळणी अधिकाऱ्यांना क्षणभर भरून आले. चोवीस वर्षे ते पेन्शनरांना आईचे नाव आणि जन्मगाव हे दोनच प्रश्न विचारत होते. म्हातारी माणसे उत्तरे पाठ करून येत असणार, हे त्यांच्या कधी लक्षातच आले नव्हते. त्यांनी डायरी काढून लिहून घेतले: प्रश्न बदलणे.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. "नमुना क्रमांक चार. भरा, आणि हरवलेली चावी अर्जासोबत जोडा."

"हरवलेली?"

"जुन्या चावीची ओळख गाडीच्या स्मृतीतून पुसावी लागते ना. त्यासाठी ती समोर लागते. नाहीतर काय, उद्या कुणीही येऊन म्हणेल चावी हरवली."

"बरोबर आहे," पडताळणी अधिकारी म्हणाले. हे आपणच म्हणालो, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. "पण माझी खरंच हरवलीय."

"सगळेच असं म्हणतात. बरं, मग दुसरी चावी आणा."

त्यांनी लॉकरची हकीकत सांगितली. बाईंनी सहानुभूतीने ऐकून घेतली आणि रकान्यात आडवी रेघ मारली.

"मग गाडी इथे आणावी लागेल. संगणक लावून नवी चावी शिकवतात."

"गाडी चावीशिवाय कशी आणू?"

"टोचन करून."

"तिचा हँडब्रेक विजेवर आहे. टोचनवाल्याला फोन केला होता मी. तो म्हणतो, चाकं सोडायला चावी लागते."

"लागणारच," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता. "चोर टोचन करूनच नेतात. मग एक उपाय आहे. मुख्यालयाकडून आम्ही एक सांकेतिक क्रमांक मागवतो. तो तुमच्या गाडीच्या पडद्यावर उमटतो. तेवढा आम्हाला कळवायचा."

"गाडी बंद आहे हो."

"चालू केली की उमटेल."

"चालू कशाने करू?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. हा प्रश्न विचारणारे ते पहिलेच नव्हते, हे त्या नजरेत स्पष्ट होते. "शिवाय मूळ नोंदणीपत्र लागेल," त्या म्हणाल्या, "गाडी तुमचीच आहे याचा पुरावा म्हणून. कुठे आहे?"

"गाडीत. समोरच्या कप्प्यात."

"छान. सुरक्षित आहे म्हणजे," बाई म्हणाल्या. "आणि पोलिसांचा दाखला."

पडताळणी अधिकारी बाहेर पडले तेव्हा त्यांना राग आलेला नव्हता. खरे सांगायचे तर कौतुक वाटत होते. इतकी बिनचूक व्यवस्था त्यांनी स्वतःच्या टेबलाबाहेर पहिल्यांदाच पाहिली होती. एवढेच, की आज ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभे होते, आणि त्या बाजूला खुर्ची नव्हती.

पोलीस चौकीत एक हवालदार टेबलावरचा पंखा दुरुस्त करत बसले होते.

"हरवली की चोरीला गेली?"

"हरवली."

"कशावरून?"

"म्हणजे... सापडत नाही यावरून."

"चोरीला गेलेलीही सापडत नाही," हवालदार म्हणाले. "चोरीला गेली असेल तर चोर कधीही गाडी नेऊ शकतो. मग गाडी आम्हाला ताब्यात घ्यावी लागेल. चालवत आणाल का?"

"हरवलीच आहे," पडताळणी अधिकारी घाईने म्हणाले.

"कुठे हरवली?"

"ते माहीत असतं तर हरवली नसती."

"जागा लिहावीच लागते. त्याशिवाय हद्द कळत नाही. दुसऱ्या चौकीच्या हद्दीत हरवली असेल तर मी कशाला लिहून घेऊ?"

बऱ्याच विचाराअंती 'घराचे दार ते गाडीचे दार, अंतर बावन्न पावले' असे ठरले. हवालदारांनी ते लिहून घेतले, शिक्का उचलला आणि तो हवेतच थांबवला.

"तुम्ही पेन्शन ऑफिसातले ना? तळमजला, डावीकडचं टेबल?"

"हो."

"माझ्या वडिलांना तुम्ही तीनदा परत पाठवलंत. जिवंत असल्याचा दाखला आणा म्हणून. ते समोर उभे असताना."

पडताळणी अधिकाऱ्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. "तिसऱ्या वेळी झालं ना काम?"

"झालं."

"मग."

हवालदारांनी शिक्का खाली ठेवला. "उद्या या," ते म्हणाले. "शाई वाळलीय."

गुरुवारी शाई ओली होती, दाखला मिळाला, पण तेवढ्यावर चावी मिळत नव्हती. पडताळणी अधिकाऱ्यांनी एक फाईल उघडली. तिच्यात पोलिसांचा दाखला होता, गाडीच्या विक्रीची पावती, विम्याची झेरॉक्स, वीजबिल, स्वतःचे ओळखपत्र, आणि गाडीशेजारी उभे असतानाचा स्वतःचा फोटो. संध्याकाळपर्यंत एकोणीस कागद झाले. गाडी आपलीच आहे याबद्दल त्यांच्या मनात पूर्वी जी काही शंका असेल तीही गेली.

ते खाली उतरले तेव्हा मुलगी फुटपाथवर बसली होती, गाडीच्या मागच्या चाकाला टेकून. डिकीच्या पत्र्यापलीकडे, तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, एकशे बारा खुर्च्या होत्या.

"टेकू नकोस," ते म्हणाले. "सायरन फार संवेदनशील आहे."

ती वीतभर पुढे सरकली. पडताळणी अधिकाऱ्यांनी ते अंतर नजरेने मोजले.

"काच फोडायची का बाबा?" तिने विचारले.

"फुटत नाही. तशाच घेतल्यात."

"तुम्ही गाडी चोरापासून वाचवली की माझ्यापासून?"

याचे उत्तर एकोणीसपैकी कोणत्याही कागदात नव्हते. ते तिच्या शेजारी बसले, टेकले मात्र नाहीत. "मी सर्व्हिस सेंटरला स्मरणपत्र पाठवतो," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांना कळले, की आपण आयुष्यभर लोकांकडून अशी स्मरणपत्रे घेत आलो आणि ती कुठल्या खणात टाकत आलो.

शुक्रवारी सर्व्हिस सेंटरकडून उत्तर आले: आपले स्मरणपत्र मिळाले, सोबत हरवलेली चावी जोडलेली आढळली नाही. तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. ते उत्तर बायकोने वाचले, चपला घातल्या आणि ती बाहेर पडली. वीस मिनिटांनी परतली ती कोपऱ्यावर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्याला घेऊन. त्याच्या हातात पत्र्याची पेटी होती आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

"कुठली?" त्याने विचारले.

"ही. पण थांबा," पडताळणी अधिकारी फाईल घेऊन पुढे झाले. "आधी कागद बघा."

"कसले?"

"गाडी माझीच आहे याचे."

"तुमचीच आहे ना?"

"हो."

"मग झालं."

"झालं कसं? मी चोर असू शकतो."

चावीवाल्याने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतले.

"अहो, जरा बाजूला व्हा, त्यांना काम करू द्या," बायको म्हणाली.

"चोराला असं कुणी म्हणत नाही," चावीवाला म्हणाला आणि पेटी उघडली.

त्याने दाराच्या वरच्या फटीत एक चपटी रबरी पिशवी सरकवली आणि छोट्या पंपाने तिच्यात हवा भरली. फट बोटभर झाली. मग एक लांब सळई आत गेली.

"पण इमोबिलायझर आहे तिला," पडताळणी अधिकारी म्हणाले. "दर वेळी नवा प्रश्न विचारते."

"तो गाडी चालू होऊ देत नाही. तुम्हाला चालू करायचीय का?"

"नाही. डिकीतून वस्तू—"

"मग त्याला कशाला त्रास द्यायचा," चावीवाला म्हणाला आणि सळई ओढली.

दार उघडले. लागलेला वेळ: चार मिनिटे, त्यातले एक चष्मा सावरण्यात गेले. तीन दिवस गाडी चालू कशी करायची याचा पाठपुरावा चालला होता. ती नुसती उघडायची होती, हे एकाही नमुन्यात लिहिलेले नव्हते आणि पडताळणी अधिकाऱ्यांनीही कुणाला सांगितले नव्हते, कारण कुणी विचारले नव्हते.

त्याच क्षणी सायरन सुरू झाला. तो आवाज असा होता, की चावीवाल्याच्या ओठांची नुसती हालचाल दिसली. तो वाकला, सीटखालची कळ ओढली आणि डिकी उघडली. मुलीने आत डोके घातले. वाचनालयापुढचे एक पुठ्ठ्याचे झाड पडले होते. खुर्च्या सगळ्या जागच्या जागी होत्या. बायकोने आधीच टॅक्सी थांबवून ठेवली होती. दोघींनी वाचनालय मांडीवर आडवे घेतले, दार लागले, टॅक्सी गेली. पावणेचार वाजले होते. चावीवाल्याने आपली मजुरी घेतली, बॉनेट उघडून मुख्य बॅटरीची तार काढून पाहिली, सायरन तसाच वाजत राहिल्यावर हात जोडले आणि तोही गेला.

पडताळणी अधिकारी उघड्या गाडीपाशी एकटे उरले. गाडी भर रस्त्यात, भर दिवसा फोडली गेली होती. तिचे दार, डिकी आणि बॉनेट सताड उघडे होते आणि सायरन अख्ख्या गल्लीला हे ओरडून सांगत होता. त्यांनी फाईल छातीशी धरली. आता लोक येणार, हे उघड होते. कोण तुम्ही, गाडी कुणाची, पुरावा काय, असे विचारणार. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर होते, तेही झेरॉक्ससह.

एक गृहस्थ पिशवी घेऊन आले, कानावर हात ठेवून पलीकडच्या फुटपाथवर गेले. एका बाईंनी आपली स्कूटर जरा पुढे घेतली, त्यांना डिकीपाशी ऐसपैस जागा व्हावी म्हणून. एका तरुणाने थांबून बॉनेटमध्ये डोकावून पाहिले.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" पडताळणी अधिकारी आशेने ओरडले.

"काय?"

"मी कोण, वगैरे?"

"नाही हो," तरुण ओरडला. "आवाज बंद करा फक्त." आणि गेला.

समोरच्या इमारतीत त्यांना ओळखणारे कुणीच नव्हते. दुसऱ्या मजल्यावर एक खिडकी हलली. पडताळणी अधिकाऱ्यांनी फाईल उंच धरली, दाखला वर येईल अशा बेताने. खिडकीत एक हात आला, त्याने खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. मग तिसऱ्या मजल्यावरची लागली, मग पहिल्यावरची दोन. उरलेल्या खिडक्या आधीपासूनच बंद होत्या. त्यांपैकी कुठलीतरी एक तुमची-आमची असणार. असा आवाज आला की आपणही उठून तेवढेच करतो, आणि कुणाच्या गाडीचा होता हे दुसऱ्या दिवशीही विचारत नाही. पडताळणी अधिकाऱ्यांनी तरी कधी विचारले होते?

सायरन चाळीस मिनिटे वाजला आणि त्याची स्वतःची बॅटरी संपल्यावर थांबला. साडेचारच्या सुमारास मुलीचा फोन आला.

"बाबा, जमा झालं."

"काय काय कागद मागितले?"

"काहीच नाही. टेबलावर ठेव म्हणाले."

"ओळखपत्र तरी पाहिलं असेल?"

"बाबा," मुलगी म्हणाली, "जमा झालं."

"बरं," ते म्हणाले.

नोंदणीपत्र कप्प्यातून निघाल्यामुळे सोमवारी अर्ज दाखल करून घेण्यात आला, नमुना चारऐवजी सहामध्ये; त्याला हरवलेली चावी जोडावी लागत नसे. नवी चावी यायला बावीस दिवस लागले. या गाडीचे दार चावीशिवाय कुलूपबंद करता येत नाही. मालकाने चावी चुकून आत विसरू नये म्हणून तशी खास व्यवस्था आहे. त्यामुळे तेवढे दिवस ती रस्त्यावर उघडीच उभी होती. पडताळणी अधिकारी रोज सकाळी जाऊन पाहत. मधे एकदा दार नीट लागलेले नव्हते, ते कुणीतरी जाता जाता ढकलून लावले होते. बाकी कुणी काही नेले नाही.